एसएमपीएस घेताय? पेटीवरचा मोठा आकडा सोडा, स्टिकर वाचा

नवीन पीसी जमवताना लोक प्रोसेसरवर आठवडाभर डोकं खपवतात, ग्राफिक्स कार्डासाठी वीस व्हिडिओ बघतात, रॅमला लाईट हवी की नको यावर घरात वाद घालतात, आणि एसएमपीएसची, म्हणजे पीसीतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, वेळ आली की "टाक कुठलाही ५०० वॅटचा" म्हणून मोकळे होतात. मी पण हेच केलं होतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा होता, त्यावर भलंमोठं ५०० लिहिलेलं, मी म्हटलं झालं काम.

वर्षभर काही झालं नाही. मग १२० वॅटचं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि तमाशा सुरू झाला. डेस्कटॉपवर सगळं मस्त, ब्राउझर मस्त, गेम पण चालू व्हायचा, आणि स्क्रीनवर जरा धूरबीर, स्फोट वगैरे आला की पीसी फट्टकन बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, सरळ अंधार, आणि दोन सेकंदांनी आपोआप परत चालू. मी आधी रॅमला शिव्या घातल्या, मग विंडोज दोनदा नव्याने टाकलं, थर्मल पेस्ट बदलली. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ दिसत होतं, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, का पडलं ते काही तो सांगत नाही. शेवटी वैतागून साइड पॅनल काढलं, मोबाईलचा टॉर्च मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्यावरचा स्टिकर वाचला. १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं: १८ अँपिअर. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. पेटीवर ५००, आणि कामाचे २१६!

तर सगळ्यात आधी हा स्टिकर वाचायला शिका, बाकीचं नंतर. प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता असतो, त्यात +३.३, +५, +१२, -१२ आणि +५ व्हीएसबी (पीसी बंद असतानाही चालू राहणारे ५ व्होल्ट) असे रकाने, त्याखाली कुठून किती अँपिअर मिळणार ते, आणि त्याखाली वॅट. आजच्या पीसीत जवळजवळ सगळं ओझं १२ व्होल्टवर असतं. प्रोसेसर १२ व्होल्टवर, ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर, फॅन १२ व्होल्टवर. फार पूर्वी असं नव्हतं, तेव्हाचे प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे, २००० च्या आसपास पेंटियम ४ सोबत मदरबोर्डवर ती चौकोनी चार पिनची १२ व्होल्टची जोडणी आली आणि तिथून पुढे सगळा भार १२ कडे सरकत गेला. पण स्वस्त डबे बनवणारे अजून जुन्याच हिशोबात, ३.३ आणि ५ च्या रकान्यात मोठे आकडे टाकायचे, सगळ्याची बेरीज करायची आणि पेटीवर ५०० छापायचं. ते ३.३ आणि ५ चे वॅट तुमच्या कार्डाच्या काही कामाचे नाहीत.

चांगल्या युनिटची खूण सोपी आहे, १२ व्होल्टचे वॅट आणि पेटीवरचे वॅट जवळजवळ सारखे असतात. ६५० च्या युनिटवर १२ व्होल्टला ५४ अँपिअर लिहिलेलं असेल तर ते ६४८ वॅट झाले, म्हणजे माणूस खरं बोलतोय. एक गोष्ट लक्षात ठेवा, काही स्टिकरवर १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतात, दोन्हीकडे १८-१८ अँपिअर, आणि लोक सरळ ३६ करून टाकतात. तसं नसतं, दोघांचं मिळून कमाल किती ते खाली वेगळं लिहिलेलं असतं, तोच आकडा धरायचा. आणि स्टिकरवर १२ व्होल्टचा हिशोबच दिलेला नसेल तर तो डबा परत शेल्फवर ठेवून द्या, जास्त विचार करू नका.

आता आपल्याला लागतात किती? यासाठी ऑनलाइन कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, पण पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होतं हे काम आणि आपण काय करतोय ते कळतं तरी. बेरजेत दोनच मोठे खेळाडू, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, बाकी सगळी चिल्लर.

प्रोसेसरमध्ये एक फसवणूक आहे. डब्यावर टीडीपी (चिपची किती वॅट उष्णता कूलरने बाहेर काढायची ते) म्हणून जो आकडा असतो तेवढीच वीज तो खातो असं धरू नका. रायझनच्या एएम५ सॉकेटवाल्या चिप्समध्ये ६५ वॅट लिहिलेली चिप ८८ पर्यंत जाते, १०५ वाली १४२ पर्यंत आणि १७० वाली २३० पर्यंत. इंटेलच्या १२व्या पिढीपासून स्पेक पेजवर दोन आकडे मिळतात, बेस पॉवर आणि मॅक्सिमम टर्बो पॉवर, आणि कोअर आय९ १३९००के मध्ये ते १२५ आणि २५३ असे आहेत, म्हणजे सरळ दुप्पट. आपण नेहमी मोठाच धरायचा. त्यात मदरबोर्डने बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) लिमिट काढून टाकलेली असेल (बरेच बोर्ड हे गुपचूप करतात) तर त्याच्याही वर जातं.

ग्राफिक्स कार्डाचा आकडा बनवणाऱ्याच्या साइटवर असतो. आरटीएक्स ४०६० म्हणजे ११५ वॅट, ३०६० म्हणजे १७०, आरएक्स ७८०० एक्सटी २६३, ४०९० म्हणजे ४५०. फॅक्टरीतूनच ओव्हरक्लॉक होऊन (म्हणजे वेग वाढवून) आलेली मोठी तीन फॅनची मॉडेल्स याच्यापेक्षा थोडी जास्त घेतात, म्हणून नुसत्या चिपचं नाव न बघता तुम्ही घेताय त्याच मॉडेलचं पान उघडा.

चिल्लरमध्ये मदरबोर्ड, रॅम, एक-दोन एसएसडी, तीन-चार फॅन, कीबोर्ड-माऊस वगैरे मिळून मी सरळ ६० ते ८० वॅट धरतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्क असतील तर प्रत्येकी १० अजून, कारण चालताना त्या फार खात नाहीत पण सुरू होताना तबकडी फिरवायला २०-२५ पर्यंत ओढतात, त्यामुळे सहा-आठ डिस्कचा स्टोरेज सर्व्हर करणाऱ्याने हा हिशोब जरा गंभीरपणे घ्यावा.

उदाहरण घेऊ. रायझन ५ ७६०० म्हणजे ८८, आरटीएक्स ४०६० म्हणजे ११५, वरची चिल्लर ७०. झाले २७३. दुसरं, रायझन ७ ७८००एक्स३डी म्हणजे १६२, आरटीएक्स ४०७० टीआय सुपर २८५, चिल्लर ७०, झाले ५१७. या बेरजेला मी साधारण १.४ ने गुणतो आणि जो पुढचा साईज मिळतो तो घेतो. पहिल्याला ३८२ येतात, म्हणजे ४५० चं चांगलं युनिट पुरतं, पुढे कार्ड बदलायचा विचार असेल तर ५५०. दुसऱ्याला ७२४, म्हणजे ७५०. बस. ग्राफिक्स कार्डवाले स्वतः जो शिफारस केलेला आकडा देतात तो बहुतेक वेळा याच्या जवळच असतो, कधी जरा जास्त, कारण त्यांना माहितीये की लोक फुकटचे डबे लावणार आहेत.

हे वरचे ४० टक्के कशासाठी, असं कोणी विचारेल. दोन कारणं. एक म्हणजे पूर्ण भारावर सतत चालणारं कुठलंही यंत्र तापतं, फॅन ओरडतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एखाद्या ग्राफिक्स कार्डाचे ३२० वॅट म्हणजे सरासरी ३२०, पण एखाद्या मिलिसेकंदापेक्षा कमी वेळासाठी ते उसळी मारून दुप्पट किंवा त्याच्याही वर जातं. इतकी लहान उसळी की सॉफ्टवेअरमध्ये दिसत पण नाही, सॉफ्टवेअर आपलं शांतपणे ३१० दाखवत बसतं. पण एसएमपीएसच्या आतल्या सुरक्षा सर्किटला ती दिसते, त्याला वाटतं काहीतरी शॉर्ट झालं आणि ते सगळं बंद करून टाकतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं तेव्हा चांगल्या कंपनीचे, पुरेशा वॅटचे एसएमपीएस असलेले लोकसुद्धा यात अडकले होते. यावरच उपाय म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएससाठीचं नवं मानक आलं, त्यात मोठ्या कार्डांसाठीच्या युनिटने १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सोसली पाहिजे अशी अट आहे. पुढच्या वर्षी ३.१ आलं. आज नवीन घेताय आणि कार्ड २०० वॅटच्या वरचं आहे तर पेटीवर एटीएक्स ३.० किंवा ३.१ बघूनच घ्या. छोट्या कार्डासाठी एवढं अडून बसायची गरज नाही.

आता उलट्या टोकाची मंडळी. ४०६० लावायचंय आणि १००० वॅट घेतात, का तर "सेफ साइड". त्याने बिघडत काही नाही, १००० वाला काही जबरदस्तीने १००० ढकलत नाही, पीसीला २७३ हवेत तर २७३ च देणार. पण त्याच पैशात ५५० चं दुप्पट दर्जाचं युनिट आलं असतं. वॅट आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आणि हो, ५० टक्के भारावर एफिशियन्सी (भिंतीतून घेतलेल्या विजेतला कामाला येणारा वाटा) सगळ्यात जास्त असते म्हणून गरजेच्या बरोबर दुप्पट घ्या, हा सल्ला पण सगळीकडे फिरत असतो. ८० प्लस या एफिशियन्सीच्या बिल्ल्यातल्या गोल्डची अट ११५ व्होल्टवर २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के अशी आहे. म्हणजे अख्ख्या पट्ट्यात फरक तीन टक्के! त्या तीन टक्क्यांसाठी दुप्पट मोठा डबा घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

८० प्लसबद्दल अजून थोडं, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम हे बिल्ले फक्त एवढंच सांगतात की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला येते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. ६५० च्या ब्रॉन्झमधून ६५० च्या ८५ टक्केच मिळतात असं नाही, मिळतात पूर्ण ६५०, तो फक्त भिंतीतून जास्त ओढतो. पीसीला ३०० लागत असतील तर ९० टक्केवाला ३३३ ओढणार आणि ८५ टक्केवाला ३५३. फरक २० वॅटचा. रोज पाच तास गेम खेळलात तर वर्षाला विजेचे साधारण ३६ युनिट. आपल्याकडे युनिटचा भाव काय आहे तो धरून गोल्डचे जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात ते तुम्हीच बघा. मात्र चोवीस तास चालणारं मशीन असेल तर गणित एकदम बदलतं, तिथे गोल्ड किंवा वरचं घ्याच. आणि या बिल्ल्यांची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते, तुमच्या बंद कॅबिनेटच्या आत ४० असतात. त्यामुळे स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये "४० अंशांवर" का "५० अंशांवर" एवढे वॅट, हे लिहिलंय का ते बघा. ५० अंशांवाला बरा.

बिल्ला म्हणजे दर्जा नाही, मग दर्जा कसा ओळखायचा? खरं उत्तर म्हणजे कोणीतरी लोड टेस्टर लावून, उघडून, ऑसिलोस्कोपवर रिपल मोजून लिहिलेला रिव्ह्यू वाचायचा. रिपल म्हणजे सरळ डीसी वीज जी मिळायला हवी तिच्यावर उरलेली थरथर, १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, चांगली युनिट ३०-४० च्या आत ठेवतात. "अनबॉक्स केलं, भारी दिसतंय, पाच स्टार" हा रिव्ह्यू नव्हे. आणि अगदी तेच मॉडेल बघा, कारण एकाच कंपनीची एक मालिका सोन्यासारखी आणि दुसरी कचरा असू शकते, नुसत्या ब्रँडवर भरवसा ठेवून माझा एक मित्र व्यवस्थित आपटलाय. रिव्ह्यू नसेल तर वॉरंटी बघा. जो कंपनीवाला सात किंवा दहा वर्षं देतोय त्याला आपल्या मालाची खात्री आहे, जो एक वर्ष देतोय त्याला पण खात्री आहेच, उलटी. बाकी ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, ओव्हर टेम्परेचर, शॉर्ट सर्किट ही संरक्षणं यादीत हवीत, आणि आत डीसी-टू-डीसी रचना (१२ व्होल्टवरून ५ आणि ३.३ वेगळे बनवणारी) असेल तर उत्तम, कारण जुन्या ग्रुप रेग्युलेटेड, म्हणजे १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच सांभाळणाऱ्या, रचनेत १२ वर भार वाढला की ५ व्होल्ट पण हलायला लागतात.

केबल. इथे हळू वाचा.

घ्यायच्या आधी मोजा: मदरबोर्डला वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी किती पिना आहेत (८, की ८ अधिक ४, की ८ अधिक ८), कार्डाला किती ८ पिनच्या जोडण्या आहेत, साटा (डिस्क आणि एसएसडीला वीज देणाऱ्या जोडण्या) किती लागतात. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला सारख्या, पण आतल्या तारा वेगळ्या, चक्क उलट्या आहेत. ओळखायची युक्ती अशी की प्रोसेसरवाली मधोमध फुटते, ४ अधिक ४, आणि कार्डवाली ६ अधिक २. खाच वेगळी असल्याने सहसा जात नाही, पण जोर लावणारे लोक आहेत जगात.

कार्डाला वीज तीन ठिकाणांहून मिळते, स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५०. दोन ८ पिनवालं कार्ड असेल तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढा. एकाच केबलच्या शेपटीला दुसरं तोंड असतं, ते लावलं तर चालतं, पण मग सगळा भार एकाच केबलच्या तारांमधून जातो, २०० च्या आसपासच्या कार्डाला ठीक, ३०० वाल्याला करू नका. आणि मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या मोठ्या चार पिनच्या जोडणीवरून) ८ पिन करणारं कन्व्हर्टर वापरायची वेळ येत असेल तर समजा की एसएमपीएसच लहान आहे. मोलेक्सवरून साटा करणारी, प्लास्टिक ओतून बनवलेली स्वस्त जोडणी तर घरात पण ठेवू नका, ती आतून शॉर्ट होऊन वितळते आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन जाते.

नवीन मोठ्या कार्डांना १६ पिनची छोटी जोडणी येते, तिच्यातून ६०० वॅटपर्यंत जातात. २०२२ मध्ये ४०९० आल्यावर महिन्याभरात या जोडण्या वितळल्याचे फोटो यायला लागले, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी प्लग पूर्ण आत गेलेलाच नव्हता. सुधारलेल्या जोडणीला १२व्ही-२एक्स६ म्हणतात, तिच्यात सेन्सच्या (जोडणी बसली का ते कार्डाला कळवणाऱ्या) बारीक पिना आखूड केल्यात म्हणजे अर्धवट बसली तर कार्ड भार उचलतच नाही. तरी लावताना टॉर्च मारून बघा, प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून तीन-साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ जाऊ द्या, साइड पॅनल लावायच्या नादात तिथेच मोडू नका.

साईजबद्दल पटकन. सामान्य कॅबिनेटला एटीएक्स, १५० मिमी रुंद, ८६ उंच, लांबी १४० पासून पुढे, मोठ्या वॅटची १८० पर्यंत पण जातात तेव्हा हार्ड डिस्कचा पिंजरा आड येतोय का बघा. छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स हा लहान आकार. ब्रँडेड ऑफिस पीसीत मात्र आधी उघडून बघा, तिथे बऱ्याचदा डब्याचा आकार आणि मदरबोर्डची जोडणी दोन्ही त्या कंपनीची स्वतःची असते, बाजारातलं युनिट बसतच नाही.

यूपीएस असेल तर दोन गोष्टी. त्यावर लिहिलेले व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे वॅट नव्हेत, ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटचाच असतो. आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट, सलग ओढायला लावणारं सर्किट) असतं, त्याला काही स्वस्त यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची वीज झेपत नाही, लाईट गेली की यूपीएस चालू होतो आणि पीसी तरीही बंद. एसएमपीएस बिघडला असं वाटून बदलू नका, आधी प्युअर साइन वेव्हवाल्या, म्हणजे भिंतीसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणाऱ्या, यूपीएसवर लावून बघा.

जुना एसएमपीएस नव्या बिल्डला वापरू का? चांगल्या मालिकेचा असेल, वॉरंटी संपायला अवकाश असेल आणि जोडण्या पुरत असतील तर खुशाल. दहा वर्षांचा असेल तर नको, कपॅसिटर सुकतात. मदरबोर्डच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडून फॅन फिरला म्हणजे युनिट चांगलं, असं समजू नका, त्याने फक्त चालू होतं एवढंच कळतं, माझा तो २१६ वाला पण मस्त फिरायचा. आणि काहीही झालं तरी डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर सुद्धा काही वेळ राहतात.

बसवताना, कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर फॅनचं तोंड खाली, नसेल तर वर. मागे ११५/२३० चा लाल सरकता खटका असेल (जुन्या आणि स्वस्त युनिटला असतो) तर तो आपल्याकडच्या व्होल्टेजवर आहे ना ते वीज लावायच्या आधी बघा, २३० च्या ठिकाणी ११५ वर राहिला तर एकच आवाज येतो.

आणि मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) घेतला असेल तर उरलेल्या केबल एका पिशवीत भरून पिशवीवर त्या युनिटचं पूर्ण मॉडेल नाव मार्करने लिहा. मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं, कंपनीगणिक पिनांचा क्रम बदलतो, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांत पण. मी एकदा जुन्या युनिटची साटा केबल नव्या युनिटला लावली, अगदी सहज बसली, क्लिक पण झाली. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि दोन एसएसडी एका झटक्यात गेल्या. तेव्हापासून माझ्या कपाटात चार पिशव्या आहेत, चारही नावानिशी.